एस आकाराचा जुना शिसवी सोफा : एक पावसाळा काढल्यानंतर

दोन बैठका विरुद्ध दिशेला तोंड करून जोडलेल्या, मधून एकच नागमोडी पाठ. मान जराशी वळवली की दोघं समोरासमोर. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळात (1852–1870) अशा सोफ्यांची फॅशन होती, पुढे नकला सगळीकडे झाल्या. आमचा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून दादरला आला. दुकानदाराच्या मते वय दीडशे वर्षं, आणि मूळ घर अर्थातच पारशी बंगला. चोरबाजारात दुसऱ्या कुणाचं फर्निचर विकायला येतच नसावं. मागितले पंच्याऐंशी हजार.

सोबत ओळखीचे सुतारकाका होते. नक्षीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सोफा उलटा करायला लावला, खालचं काळं कापड एका कोपऱ्यातून सोडवलं आणि टॉर्च मारला. कापड स्टेपलने मारलेलं, म्हणजे अलीकडचं. पण त्याच पट्टीवर जुन्या चुकांची (बारीक खिळ्यांची) भोकं, एकाला लागून एक, काहींच्या कडा गंजाने काळ्या पडलेल्या. "तीन-चार वेळा तरी कापड बदललंय," काका म्हणाले. जुनाट दिसणारं पॉलिश कुणीही मारून देईल, एवढी भोकं पाडत कोण बसतो? स्क्रू मात्र टोकदार निघाले. साधारण 1850 च्या आधी स्क्रूला टोक नसायचं, त्यामुळे त्यामागे जायचा प्रश्न मिटला. दर्शनी लाकूड शिसवी, आतल्या पट्ट्या सागाच्या. एकोणिसाव्या शतकात मुंबईतच नक्षीदार शिसवी फर्निचर बनायचं, तेव्हा हा इथलाच असावा.

खरी गोम गादीत होती. डाव्या बैठकीत स्प्रिंगा, गोणपाट, काथ्या आणि वर केसांचा थर. काकांनी एक केस उपटून काडी लावली. जळक्या केसांचाच वास आला, घोड्याचे असणार. उजवीकडे प्लायवूडवर सरळ फोम! सांगाडा शंभरीच्या आसपासचा, अर्धी गादी गेलेली, असा त्यांचा निवाडा.

"परदेशी गिऱ्हाईक दुप्पट देईल," दुकानदार म्हणाला. खरंच दीडशे वर्षांचा असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, हे काकांनी शांतपणे सांगितलं. बेचाळीस हजारांवर सौदा ठरला.

आता वापराचं. हा सोफा भिंतीला लावता येत नाही, दोन्हीकडून बसायचं असतं. तो खोलीच्या मधोमध ठेवायचा, आणि मुंबईच्या हॉलला मध्य कुठून आणायचा? टीव्ही एकालाच दिसतो. (गप्पा वाढल्या, हे मान्य.) डावी बैठक अजून ताठ आहे, उजवीचा फोम बसलाय, त्यामुळे आलेला पाहुणासुद्धा डावीच पकडतो.

जुलैत मखमलीवर पांढरी बुरशी धरली. कोरड्या ब्रशने झाडली, पंखा सतत चालू ठेवला, शेवटी मखमल काढून जाड सुती कापड चढवलं. शिसवीला काही झालं नाही, पण आतल्या एका पट्टीतून बारीक भुसा पडू लागला तेव्हा कीड मारणाऱ्याला बोलवून भोकांत औषध भरून घेतलं. सागाची म्हणून घेतलेली ती पट्टी बहुधा मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत बसवलेली, हलक्या लाकडाची.

सोफा विकायचा नाही, घरात ठेवायचाय. उजवी बाजूही काथ्याने भरून घ्यायची आहे. गादीवाले फोमचाच आग्रह धरतात; स्प्रिंगा दोरीने बांधणारा कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर कळवा, शक्यतो दादर-माहीमकडचा.