अ‍ॅक्टिव्ह डायपोलचा तयार संच: अ‍ॅम्प्लिफायर झकास, अडॅप्टर अडगळीत टाका

टेरेसवर पाण्याची टाकी, सोलर हीटर आणि उन्हाळ्यात वर पापड-कुरडयांचं वाळवण. कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या अशा घरांत वीस मीटरची वायर ताणायला जागा मिळत नाही. तिथे शॉर्टवेव्ह (दूरदेशीची रेडिओ केंद्रं) ऐकायला हा संच, म्हणजे दोन आखूड भुजा आणि मध्ये सिग्नल वाढवणारा डबा असलेली अँटेना, खरंच उपयोगी आहे, पण डब्यातून काढला आणि लावला असं मात्र होत नाही.

खोक्यात तीन नग येतात. पहिला प्लास्टिकचा डबा: वर भुजांसाठी दोन बोल्ट, आत जेएफईटी (एक नाजूक ट्रान्झिस्टर) वापरलेला, दोन भुजांमधला फरक वाढवणारा डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर. दुसरी घरात रिसीव्हरशेजारी ठेवायची बायस-टी, जी केबलमधूनच वर वीज पाठवते. तिसरा १२ व्होल्टचा अडॅप्टर. भुजा आणि केबल आपण आणायची.

अडॅप्टर एसएमपीएस, म्हणजे वेगानं चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगचा आहे, त्यामुळे एसडीआरच्या (संगणकाला जोडायच्या रिसीव्हरच्या) वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रावर, ठरावीक अंतरानं गुरगुरणाऱ्या रेघा उठतात. त्याऐवजी १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर अशी जुन्या पद्धतीची जोडणी करा. ७८१२ ला लहानसं हीटसिंक लागेल. नाहीतर यूपीएसची ७ एएच बॅटरी जोडा. अ‍ॅम्प्लिफायर साधारण १०० मिलिअँपिअर घेत असेल तर दोन दिवस सहज जातात.

भुजांना १० ते १२ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप पुरतो. मधला आधार नायलॉन रॉडचा हवा, तो उद्यमनगरात कुठलाही टर्नर करून देईल. लांबीचा प्रश्न मात्र कोल्हापुरात वेगळा आहे. ७५ सेंटिमीटरच्या दोन भुजा म्हणजे थेट एफएम बँडचा अर्धतरंगी डायपोल, आणि शहरात आकाशवाणी १०२.७ वर नि टोमॅटो एफएम ९४.३ मेगाहर्ट्झवर. अ‍ॅम्प्लिफायरला हे दोन्ही सिग्नल झेपले नाहीत की त्यांची वजाबाकी आतच तयार होते: १०२.७ वजा ९४.३, म्हणजे ८.४ मेगाहर्ट्झ. एसडीआरवर ८.४ भोवती शेकडो किलोहर्ट्झ रुंदीचा, गाण्याबरोबर हलणारा ढिगारा दिसला तर तो हाच. रिसीव्हरसमोर एफएम अडवणारा एफएम-स्टॉप फिल्टर लावून तो गेला, तर दोष रिसीव्हरचा. तसाच राहिला, तर वरचा डबाच ओव्हरलोड होतोय. मग भुजा ४०-५० सेंटिमीटरवर आणा. सिग्नल कमी होतो, पण त्याच प्रमाणात बाहेरचा गोंगाटही उतरतो, म्हणून ऐकू येण्यात सहसा तोटा नाही.

केबल-टीव्हीवाल्याची आरजी-६ चालते. ७५ ओहमची आहे म्हणून बिचकू नका, ५० ओहमच्या रिसीव्हरला जोडल्यावर नुकसान पाव डेसिबलसुद्धा होत नाही. तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही, तेव्हा एफ कनेक्टर क्रिंपच करायचा, म्हणजे पकडीनं दाबून बसवायचा.

बहुतेकांचं गाडं अडतं ते मात्र चोकपाशी, म्हणजे केबलच्या जाळीवरून येणारा गोंगाट अडवणाऱ्या वेटोळ्यापाशी, आणि संचात चोक देतच नाहीत. केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होते आणि घरातल्या एलईडी बल्बचा, टीव्हीचा, इन्व्हर्टरचा कचरा वर नेऊन डब्यात ओतते. हे ओळखायची सोपी खूण अशी. डायपोल आडवा असेल तर दिवसाची मिडियम वेव्ह त्याला दुबळीच यायला हवी, कारण जमिनीलगत येणारी ती लहर उभ्या ध्रुवणाची असते. सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ भरदुपारी खणखणीत वाजत असेल तर खूश होऊ नका; ऐकतेय ती केबल. एफटी२४०-३१ या फेराइटच्या कड्यावर बारीक आरजी-१७४ केबलचे १२ वेढे घ्या. असा एक चोक डब्याच्या अगदी खाली, दुसरा केबल घरात शिरते तिथे. बाजारात मिळणारी चिमट्यासारखी फेराइट एका फेऱ्यात या फ्रिक्वेन्सींना जवळपास निरुपयोगी आहे.

डबा स्लॅबपासून निदान तीन-चार मीटर वर हवा, कारण स्लॅबभर सळ्यांची जाळी आहे. खाली जीआय पाइप, वरचा दीड मीटर पीव्हीसी. डायपोल उभा लावणार असाल तर केबल काही मीटर काटकोनात बाहेर काढूनच खाली सोडा.

पावसाळ्याची तयारी संचाच्या डब्यात नाही. गॅस्केट पातळ आहे, आणि ते झाकायला लोक व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावतात. त्यातून सुटणारं आम्ल पीसीबीचं तांबं हिरवं करतं. न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन मागून घ्या. डब्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, केबलला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा लग (वायरच्या टोकाची कडी) थेट कसू नका. कथिल चढवलेला लग, स्टेनलेस बोल्ट आणि वर व्हॅसलीन. इथे भुजेची धारिता (कपॅसिटन्स) मोजक्या पिकोफॅरडची असते, त्यामुळे इनपुटपाशी साचलेला ओलावासुद्धा सिग्नल खातो.

जोडून झाल्यावर बायस-टीची वीज बंद करा. सिग्नल धाडकन पडला पाहिजे. मग ती पुन्हा चालू करा आणि बायस-टी नि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट किती उतरतो त्यावरून निम्मं निदान होतं. रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळ सांगणाऱ्या बीपीएम केंद्राचे सेकंदाचे ठोके ऐकू आले तर मांडणी जमली.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात, आभाळ काळवंडलं की केबल रिसीव्हरपासून काढून खिडकीबाहेर टाका. जेएफईटीचं गेट मरायला वीज अंगावर पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी पुरते. केबलची जाळी घरात शिरण्याआधी अर्थ रॉडला बांधलेली हवीच.

फ्लॅटची फक्त बाल्कनी असेल, किंवा शेजारी लेथ नि व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालणाऱ्या मोटारी असतील, तर हा संच घेऊ नका. डायपोल जवळचं विद्युतक्षेत्र ओढून घेतो. अशा जागी त्याच पैशांत लहान अ‍ॅक्टिव्ह लूप बरा. मोकळी टेरेस असेल तर मात्र दहापैकी सात, आणि चोक आपल्या पदरचा.