कॅमेरे आमच्या घरात, मालक कॅमेरेवाला : १९,१९९ रुपयांना गंडलो

आधी आकडाच सांगतो, कारण सोयऱ्याधायऱ्यांत तो रोज वाढत चाललाय. गावाकडच्या घरी कॅमेरे बसवून घेताना फसलो, त्यात गेले ते १९,१९९ रुपये. दोन कॅमेरे ५,७००, दोन मेमरी कार्डं १,५००, वायरिंग-फिटिंग १,८००, 'स्टॅटिक आयपी' (म्हणजे इंटरनेट जोडणीचा न बदलणारा पत्ता) वर्षाचे ४,२००, 'क्लाउड रजिस्ट्रेशन' २,४९९ आणि वर्ष भरल्यावर 'रिन्यूअल' ३,५००. पावती एकाचीही नाही. यूपीआयवर पैसे गेले तेही दुकानाच्या नावावर नाहीत, कुण्या बाईच्या नावावर. कॅमेरेवाला म्हणाला, "मिसेसचं खातं आहे सर, करा बिनधास्त."

मी छत्रपती संभाजीनगरला असतो, वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला. आईवडील परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, माय एकटी राबते. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात चार हजाराच्या आसपास घुटमळत होतं, म्हणून पोती ओसरीलाच थप्पी लावून ठेवलेली. अशा घरावर लांबून नजर ठेवावी वाटली तर ती हौस नव्हे. आणि माणूस काही रस्त्यावरून धरून आणला नव्हता, शाळेतल्या मित्राने नंबर दिला, त्याच्या घरी यानेच कॅमेरे बसवलेले. 'यूट्यूब बघून स्वतःच का नाही जोडला' असं आता विचारणाऱ्यांनी शनिवारी रात्रीची एसटी धरून रविवारी परत निघून दाखवावं, मग शिडीवर चढायच्या गोष्टी कराव्यात.

"सर, तुम्हाला वाळूजला बसून बघायचं म्हणल्यावर स्टॅटिक आयपी लागतंय. त्याच्याबगर बाहेरून दिसतच नाही." हे त्याचं वाक्य. वीस वर्षांपूर्वीच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला, ते खरं असेल, राउटरमध्ये पोर्ट उघडून द्यावा लागायचा. आजचा साधा वायफाय कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जाऊन चिकटतो, आणि आपलं ॲप त्याच सर्व्हरवरून चित्र घेतं. स्टॅटिक आयपीचा तिथे काही संबंध नाही. शिवाय तो द्यायचा असतो इंटरनेटवाल्याने, त्याच्या बिलात तो वेगळा लिहून येतो. कॅमेरेवाला तो विकूच शकत नाही. आमच्या गावच्या फायबरवाल्याला नंतर विचारलं तर तो हसला. "भाऊ, आपल्याकडं स्टॅटिक आयपी देतच नाहीत. सगळं गाव एकाच आयपीच्या मागं आहे." म्हणजे ४,२०० रुपये जी वस्तू गावात मिळतच नाही तिच्यासाठी.

पण पैशापेक्षा मला जे जाळतं ते वेगळं आहे. ओसरीवर खाट ओढून तो उभा होता. कॅमेरा उलटा केला, बुडाला पांढरं स्टिकर, त्यावर क्यूआर कोड. त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि स्कॅन केला. स्वतःचा! मी हातभर अंतरावर, माझा मोबाइल माझ्या हातात. कॅमेऱ्यातून बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, लाल दिवा निळा झाला, आणि हा म्हणतो, "सर, मेल आयडी सांगा, तुम्हाला शेअर मारतो." मी सांगितला! माझ्या ॲपात चित्र आलं, अण्णा खुर्चीत दिसले, माय चहा घेऊन येताना दिसली, झालं, मी खूश. कॅमेऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात 'शेअर्ड' लिहिलेलं होतं ते वर्षभर डोळ्यांसमोर होतं. सेटिंगमध्ये पासवर्ड बदलायचा पर्यायच दिसत नव्हता. मला वाटलं स्वस्तातलं मॉडेल असेल. कुणालाही तसंच वाटलं असतं. पहिला स्कॅन त्याच्या मोबाइलने, म्हणून कॅमेऱ्याचा मालक तो, मला नुसतं बघायला दिलेलं. सातबारा त्याच्या नावावर आणि मशागत माझी, असा तो वर्षभराचा कारभार.

मायनं मला सांगितलेलं आहे, हे मुद्दाम लिहितो. फोनवर म्हणाली, "बाबू, तुझा कॅमेरा आपोआप मान फिरवतो." मी तिला सांगितलं, माणूस हललं की त्याच्या मागे फिरायची सोय असते त्यात. ती म्हणाली, "मी तर देवघरात होते." आणि कॅमेऱ्याचं तोंड वळलेलं मोरीच्या दाराकडे. तरी मी मोशन ट्रॅकिंगचंच पुराण तिला ऐकवत बसलो.

रिन्यूअलचे ३,५०० मी भरले कारण पाणीपट्टीसारखं दरवर्षी काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. त्यानंतर चोराच्या भीतीनं एक रात्र तपासायची वेळ आली, तर कार्डात त्या रात्रीचं काहीच नाही. वर ६४ जीबी छापलेलं, आत ८ जीबीचा माल. (कार्ड घेतलं की ते आधी पूर्ण भरून बघायचं, वरचं छापील वाचून समाधान मानायचं नाही.) मी त्याला फोनवर झापलं. संध्याकाळी ॲपमध्ये दोन्ही कॅमेरे गायब. मालकाने शेअरिंग बंद केलंय, असा मेसेज. मालकाने! मग त्याचा निरोप : मालकी तुमच्या नावावर करून देतो, ६,००० पाठवा. ते मात्र दिले नाहीत.

बारीक पिन घालून रीसेट केलं. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात रीसेटने जुना मालक निघतो, आमच्या मॉडेलमध्ये फक्त वायफाय पुसलं गेलं. नोंद सर्व्हरवर, तिथे त्याचंच नाव. कंपनीच्या केअरला मेल केला, उत्तर आलं की खरेदीचं बिल आणि स्टिकरचा फोटो पाठवा. बिल कॅमेरेवाल्याच्या नावावर, ते त्याच्याकडे. त्यामुळे बिल तुमच्या नावाचं, खोकं तुमच्याकडे आणि पहिला स्कॅन तुमच्या मोबाइलने, या तिन्हीला नाही म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता पोलीस. इथल्या ठाण्यात गेलो, विचारलं घर कुठंय? परभणी जिल्ह्यात. मग तिकडं जा. तिकडं गेलो, विचारलं पैसे कुठून पाठवले? वाळूजहून. मग तिकडं द्या तक्रार. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असो नोंदवून घ्यायची, असं स्वच्छ लिहिलंय. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. "तुम्हीच दिले ना पैसे? हा दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं, साहेब, पैसे राहू द्या, परका माणूस माझ्या आईच्या घरात बघतोय. परवानगीशिवाय घुसण्याला आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ आहे. तर म्हणे, "क्लिप व्हायरल केली का त्यानं? नाही ना? केली की या." केली की या! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले ओळखीच्या माणसाला स्वतःहून दिलेले पैसे त्यांच्याकडे बसत नाहीत. सायबर पोर्टलवर तक्रार घेतली गेली आणि फिरून त्याच ठाण्यात आली, ज्याने मला हाकललं होतं. दीड-दोन कोटींचा डिजिटल अरेस्ट असेल तरच जागचे हलतात, आमचं दुःख त्यांच्या हिशेबात चिल्लर.

ग्राहक आयोगाचं मात्र करण्यासारखं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षं. मी यूपीआयच्या नोंदी, चॅट आणि 'शेअर्ड'चे स्क्रीनशॉट लावून टाकली आहे. चॅट पुसू नका, रागात तर मुळीच नाही. आणि तोपर्यंत कॅमेऱ्याची पिन बोर्डातून काढून ठेवा, तोंड भिंतीकडे केलं तरी आवाज जातोच.

ज्या मित्राने नंबर दिला होता त्याला परवा ॲप उघडायला लावलं. त्याच्या चारही कॅमेऱ्यांखाली 'शेअर्ड' आहे, त्यातला एक झोपायच्या खोलीबाहेरच्या पडवीत. तो आणि मी आता मिळून अर्ज करणार आहोत, त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ३५ मध्ये अनेक ग्राहकांना एकत्र तक्रार करायची सोय आहे. जिंतूर, सेलू, मानवत पट्ट्यात कुणाकडून 'स्टॅटिक आयपी'चे पैसे घेतले गेले असतील त्यांनी आजच ॲप उघडून बघावं, आणि पैशाच्या नोंदी काढून ठेवून आमच्यात यावं.