मागचं हाउसिंग बदलताना ब्रेकची लाइन: अडॅप्टर लावावा की चॅसिसवरची नळी नवी करावी?

टाटा चारशेसातसारख्या तेलाच्या ब्रेकवाल्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचं मागचं हाउसिंग (मागच्या चाकांमधलं ॲक्सलचं कवच) बसवायचं ठरलं, की सगळी चर्चा यू-बोल्ट, पाट्यांची रुंदी, शाफ्टची लांबी आणि क्राउन-पिनियनच्या दातांवर होते. ब्रेकच्या लाइनचा विषय निघतो तो अगदी शेवटी. तोवर गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढलेली असते, माल भरायची वेळ दिलेली असते, आणि मग हाताला येईल ते लावलं जातं. हे आधी ठरवलेलं बरं. माझ्या गाडीवर दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत.

एअर ब्रेकवाल्यांचं गणित वेगळं. त्यांच्या नळीत हवा साधारण आठ बारच्या आसपास असते. आपल्याकडे जोरात पाय दिला की तेलाचा दाब शंभर बारच्या घरात जातो. त्यामुळे त्यांचे फेरूलवाले (नळीवर कडी दाबून पकडणारे) नट बघून "हे आपल्याला का चालू नये" असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका.

पहिला मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. जुना होज पाईप, म्हणजे चॅसिसवरून हाउसिंगवर येणारी लवचिक रबरी नळी, तसाच ठेवायचा आणि नव्या हाउसिंगच्या टीमध्ये (लाइन दोन चाकांकडे फुटते तो जोड) अडॅप्टर बसवून त्यात तो जोडायचा. दुसऱ्या मार्गात हाउसिंगवर आलेली टी आणि व्हील सिलिंडरपर्यंतच्या (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरपर्यंतच्या) नळ्या तशाच ठेवायच्या, होज त्याच मॉडेलचा नवा घ्यायचा, आणि आट्यांचा फरक वर चॅसिसवर मिटवायचा. तिथे धातूच्या नळीचा शेवटचा तुकडा नवा करायचा, एका टोकाला जुन्या मापाचा नट, दुसऱ्या टोकाला नव्या होजला लागणारा. नळी बहुतेक वेळा दोन्हीकडे ४.७५ मिलिमीटरचीच निघते. बदलतात ते नट आणि फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड.

कोणताही मार्ग घेतलात तरी आटे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन अष्टमांश इंची, इंचाला २४ आट्यांचा नट आणि दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचवाला (आट्या-आट्यातलं अंतर) नट शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच दिसतात. इंची नट जरासा बारीक, साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून दहाच्या भोकात तो बिनबोभाट शिरतो, फिरतो, थोडा घट्टही लागतो, आणि ऐन जोराच्या ब्रेकला आटे सोडतो. हाताच्या अंदाजावर इथे विसंबू नये, व्हर्नियर लावावा. मग बॅटरी मारून भोकाच्या तळाशी बघावं. मधे उंचवटा असेल तर फनेलसारखा, कड आत दुमडलेला डबल फ्लेअर लागतो. तळ आत खोल असेल तर बाहेर फुगीर असा बबल फ्लेअर. एकाच्या जागी दुसरा घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण झिरपतो. अशा वेळी आमच्या इंदुरात हमखास एक प्रश्न येतो, "भिया, सफेद टेप मार दूँ?" नाही. इथे सील आट्यांवर होत नाही, फ्लेअर आणि सीट (भोकाचा तळ) यांच्या धातूवर धातू बसून होतं. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो सिलिंडरपर्यंत जायला मोकळा.

अडॅप्टरच्या बाजूने बोलायचं तर तो झटपट बसतो, काही कापावं लागत नाही, आणि उद्या जुनं हाउसिंग दुरुस्त होऊन परत यायचं असेल तर काढून टाकता येतो. फ्लेअरचं हत्यार चालवणारा माणूस जवळ नसेल तर नीट मापाचा, चांगल्या सीटचा अडॅप्टर हा वाईट फ्लेअरपेक्षा केव्हाही बरा. माझ्या गाडीवर तो गळलाही नाही.

मला नडलं ते वेगळंच. अडॅप्टर बसला की तिथे एका ओळीत तीन षटकोन येतात: टीचा, अडॅप्टरचा, होजचा. पुढे होज बदलायची वेळ आली की होजच्या नटाला पाना लावायचा आणि अडॅप्टर दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. पण डिफरन्शियलचा फुगवटा आणि यू-बोल्टची प्लेट यांच्या मधे दुसरा पाना शिरतच नाही. एक पाना लावून जोर दिला की होज सुटत नाही, टीकडून अडॅप्टरच फिरू लागतो, आणि त्याच्यासोबत अख्खा होज पिळला जातो. म्हणजे होजचं काम काढलं की टीचा जोडही उघडलाच. त्यात माळव्याची काळी माती. पावसाळ्यात ती हाउसिंगवर अशी थापली जाते की तीन नटांच्या मधल्या फटी वाळून दगड होतात. तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय षटकोनाची कड दिसत नाही, आणि झिरपण असलंच तरी त्या मातीत ते जिरून जातं. दर वेळी गाडीखाली आडवं पडून हे करायचं म्हणजे वैताग. मी नळी नवी केली ती या कारणासाठी. दाबाबिबाची चाचणी काही मी केलेली नाही.

नव्या नळीचं काम मात्र हौशी नाही. सीटप्रमाणे डबल किंवा बबल फ्लेअरच करावा लागतो, नुसत्या एकेरी फ्लेअरला चीर जाते. नट आधी नळीत ओवून मग फ्लेअर करायचा, हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो. कापलेल्या तोंडाची बर (कडेला राहिलेली खरखरीत धार) नीट घासली नाही तर फ्लेअर एका बाजूला कलतो. इंदूरच्या सियागंज बाजारात हत्यार मिळतं, पण पहिले काही फ्लेअर रद्दी तुकड्यावर करून बघावेत. नळी स्टीलची बंडी (दुहेरी भिंतीची) घ्या. तांबं-निकेलची, म्हणजे ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेलवाली मिळाली तर उत्तमच. ती हाताने वळते आणि गंजत नाही. नुसती तांब्याची मात्र नको, ती थरथरीने कडक होते आणि तडकते.

होजच्या बाबतीत एक मोह टाळा. पोकलेन-जेसीबीचे होज दाबून देणारे दुकानदार "दोन्ही टोकं हवी तशी लावून देतो" म्हणतात. वरवर हा तिसरा मार्ग फार सोयीचा वाटतो. पण ते रबर खनिज तेलासाठीचं असतं. डॉट ३ किंवा डॉट ४ च्या ब्रेक ऑईलमध्ये ते फुगतं. होज ब्रेकचाच हवा.

बाकी गोष्टी दोन्ही मार्गांना सारख्याच. चॅसिस उचलून हाउसिंग पूर्ण खाली लोंबू द्या आणि होज ताणला जातो का, टायरला किंवा सायलेन्सरला घासतो का, ते पाहा. अडॅप्टरमुळे टीवरचा ताठ भाग इंचभर वाढतो, म्हणून त्या बाबतीत जास्त बारकाईने. लोड सेन्सिंग व्हॉल्व (मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याच्या दांड्याची जागा आणि उंची नव्या हाउसिंगवर पुन्हा सेट करावी लागते. व्हील सिलिंडर मोठ्या बोअरचे (आतल्या व्यासाचे) आले असतील तर पेडल आधीपेक्षा खोल जाईल. तो हवेचा दोष समजून ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करत बसू नका. आणि घाट उतरायच्या आधी रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर जोराचे ब्रेक मारून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा.

तुमचा मिस्त्री फ्लेअरला हात लावायला तयार नसेल आणि अडॅप्टरच घ्यावा लागला, तर तो खाली टीवर नको. होज नव्या हाउसिंगच्या मापाचा घ्या आणि अडॅप्टर वर चॅसिसच्या ब्रॅकेटपाशी, धातूच्या नळीच्या बाजूने बसवा. तिथे माती कमी पोचते आणि दोन पाने सहज लागतात.