सडपातळ ऑफिस पीसीत आरटीएक्स ३०५० (६ जीबी): दहा महिन्यांचा अनुभव

आधी मशीन सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक वापरलेला ऑफिस पीसी आणला. कुठल्यातरी कंपनीने लॉटमध्ये काढलेला, कपाटाच्या फळीवर मावेल असा बारीक कॅबिनेट. आत आय५-८५००, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि २०० वॉटचा पॉवर सप्लाय. मुलगी आर्किटेक्चरला आहे. पहिल्या वर्षी ऑटोकॅड आणि स्केचअपवर भागलं. दुसऱ्या वर्षी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आलं आणि रात्री वाढल्या. एक रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावला की पाऊण तास मशीनला हात लावायचा नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री असे सहा रेंडर. "बाबा, ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल" हे २०२४ चा अख्खा डिसेंबर ऐकलं.

मी सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब आणि देखभाल दोन्ही बघतो. मोटर, लोड, तारेची जाडी यातलं कळतं, कॉम्प्युटरमधलं बेताचंच. तरीही पहिली चूक मी केली ती नेमकी विजेच्या बाबतीत.

कुठेतरी वाचलं होतं की जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं कार्ड, वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधूनच वीज घेतं. गावातच एक सेकंड-हँड मिळालं, घेऊन टाकलं. घरी आणून बघतो तर कार्डाच्या डोक्यावर सहा पिनांचं सॉकेट. नंतर कळलं, चिप तीच असली तरी काही मॉडेलमध्ये ती जरा जास्त पळवतात आणि त्यासाठी जादा विजेची सोय करतात. नाव तेच, डब्यावरचे आकडे तेच. आमच्या सप्लायमधून सहा पिनांची वायर निघतच नाही. वर कार्डाची पट्टी, म्हणजे कॅबिनेटला मागून स्क्रूने बसते ती, १२ सेंटीमीटरची. आमच्या कॅबिनेटला लागते ८ सेंटीमीटरच्या आसपासची. झाकण लागायचा प्रश्नच नव्हता.

परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, झाकण उघडं ठेवा. वायरीचं काय, साटा टू सिक्स पिन कन्व्हर्टर शंभर रुपयांत देतो." हा कन्व्हर्टर अजिबात घेऊ नका. हार्ड डिस्कला जो साटा पॉवरचा कनेक्टर जातो त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे झाले ५४ वॉट. सहा पिनांच्या सॉकेटला ७५ पर्यंत ओढायची मुभा. पातळ तारेवर जास्त लोड टाकल्यावर प्लास्टिकचा जो वास येतो तो मी कारखान्यात पुरेसा घेतलाय, घरी नको. थोडे पैसे कापून कार्ड परत गेलं.

मग मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि कॅबिनेट उघडून बसलो. उंचीला लो-प्रोफाइलच, म्हणजे बुटक्या पट्टीचं कार्ड. लांबीला स्लॉटच्या मागच्या टोकापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत १९ सेंटीमीटर. जाडीची गंमत वेगळी. दोन स्लॉट शेजारी शेजारी आहेत, एक लांब आणि एक छोटा. लांब स्लॉटच्या पंख्याच्या बाजूला जर पॉवर सप्लाय असेल तर जाड कार्ड बसत नाही, एकेरी जाडीचंच घ्यावं लागतं. काही मशीनमध्ये रचना नेमकी तशी असते. आमच्यात नशिबाने त्या बाजूला छोटा स्लॉट आला, म्हणजे तो झाकून दुहेरी जाडीचं कार्ड बसवता येणार होतं. हे कुठल्याही तक्त्यात मिळत नाही, झाकण उघडूनच बघावं लागतं.

वीज ७५ वॉटच्या आत, सगळी स्लॉटमधून. (काही ऑफिस मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा याहूनही कमी दिलेली असते, आपापलं मॅन्युअल काढून बघा.) एवढ्या चाळणीतून गाळल्यावर हातात पाच-सहा नावं उरली.

जीटी १०३० ला ३० वॉट पुरतात, पण ते चित्र दाखवण्यापुरतं. त्यातही जीडीडीआर५ आणि डीडीआर४ मेमरीचे असे दोन प्रकार एकाच नावाखाली विकले गेले आणि दुसरा फारच मंद. १०५० टीआय बसलं असतं, पण ते २०१६ चं. त्या पिढीला नवे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत, फक्त सुरक्षेचे तेवढे येत राहतील. हे मी घेतल्यानंतर जाहीर झालं, पण आता कोणी स्वस्तात देऊ केलं तर लक्षात ठेवा. आरएक्स ६४०० खूप जण सुचवतात, ५३ वॉट आणि एकेरी जाडी. त्याची मेख अशी की ते स्लॉटच्या फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. नव्या बोर्डावर चालून जातं, आमच्यासारख्या जुन्या पिढीच्या, जेन ३ स्लॉटच्या बोर्डावर तो रस्ता निम्म्याने अरुंद होतो. शिवाय व्हिडिओ एन्कोड करायची सोयच त्यात नाही. आर्क ए३८० ला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आणि स्वतः इंटेल दहाव्या पिढीपासून पुढचीच मशीन त्यासाठी सांगतं. आमची आठवी. टी१००० मला मनापासून आवडलं होतं. ५० वॉट, एकेरी जाडी, ८ जीबी. पण दुकानात सांगितलेला भाव ३०५० च्या बराच वर, रे ट्रेसिंगचे (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारे) कोअर नाहीत, आणि चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टचे.

राहिलं आरटीएक्स ३०५०. इथे पुन्हा तोच नावाचा घोळ, आणि तो नीट वाचा. २०२२ मध्ये आलेलं ३०५० हे ८ जीबीचं, १३० वॉटचं, त्याला वेगळी पॉवर वायर लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं. त्यात कुडा कोअर (कार्डातले आकडेमोड करणारे भाग) २५६० ऐवजी २३०४, मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिट, पण वीज फक्त ७० वॉट आणि तीही स्लॉटमधूनच. गेम खेळणारे या दुसऱ्याला नावं ठेवतात. आमच्यासारख्यांना हवं होतं ते हेच. नुसतं "३०५० द्या" म्हणालात तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही.

सोलापुरात लो-प्रोफाइल मिळेना. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. अठरा हजारांच्या आतबाहेर पडलं, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला, तीन वर्षांची वॉरंटी. नव्या खोक्याचं सील तिथेच फोडायला लावलं. कारण खोक्यात छोटी पट्टी वेगळी येते, ती आत आहे की नाही हे बघितल्याशिवाय सोलापूरची गाडी पकडायची नव्हती.

पट्टी बदलायचं काम लेकीने केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी. मोठी पट्टी धरून ठेवणारे स्क्रू इतके बारीक की माझ्या चष्म्यातूनही खाचा दिसेनात. एक उडून फ्रिजखाली गेला, तो काढायला फुलझाडू लागला. कार्ड स्लॉटमध्ये दाबताना "टक" असा आवाज येईपर्यंत ती थांबली, मी मात्र तेवढ्यात तीनदा म्हणालो, "अगं सावकाश." कार्ड साधारण साडेसतरा सेंटीमीटर लांब. पिंजऱ्यापाशी बोटभर जागा उरली.

चालू केलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. दहा मिनिटं घरात कोणी बोललं नाही. कारण साधं निघालं: मॉनिटरची वायर अजून मदरबोर्डच्याच पोर्टला होती. ती काढून कार्डाला लावायला गेलो तर आमचा मॉनिटर जुना, वायर व्हीजीएची, आणि कार्डावर व्हीजीए पोर्टच नाही. आजकालच्या नव्या कार्डांवर सहसा नसतोच. मॉनिटरला मागे एचडीएमआय होता हे बरं झालं, रात्री साडेनऊला शेजाऱ्यांच्या टीव्हीची केबल मागून आणली.

यानंतरचा किस्सा सांगायला लेकीची परवानगी घेतली आहे. पहिले आठ दिवस रेंडर पूर्वीइतकाच हळू. मी मनात म्हणतोय, अठरा हजार पाण्यात. झालं असं होतं की ब्लेंडरला कार्ड आहे हे आपण सांगावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीमखाली सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) साठीच्या डिव्हाइसमध्ये ऑप्टिक्स निवडायचं, आणि शिवाय त्या फाइलच्या रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस म्हणून जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) कॉम्प्युट. दोन्ही ठिकाणी. दुसरं राहिलं होतं. ते केल्यावर जो हॉलचा रेंडर पाऊण तास घ्यायचा तो साडेतीन मिनिटांत आला. तिने पुन्हा लावून बघितला, पुन्हा साडेतीन मिनिटं. मग जाऊन झोपली, त्या सत्रात बहुधा पहिल्यांदाच बारा वाजायच्या आत.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं सरळ सांगतो. ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगला काही फरक नाही. स्केचअपमध्ये सावल्या लावून मॉडेल फिरवताना अडखळणं कमी झालं, पण मोठी फाइल उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, ते काम प्रोसेसरचं. मुलगा व्हॅलोरंट हा गेम खेळतो, तक्रार नाही.

६ जीबी पुरतात का? दुसऱ्या वर्षाला पुरले. तिसऱ्या वर्षाच्या कॅम्पस प्रोजेक्टला झाडं आली आणि दम लागला. ४के मापाचं एक टेक्सचर (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) मेमरीत उलगडलं की ६४ एमबी खातं, मग फाइल डिस्कवर कितीही छोटी असो. प्रत्येक झाडाला पान, खोड, खडबडीतपणा वगैरे चार टेक्सचर धरा आणि गुणाकार करा. दोनदा रेंडर मध्येच मेमरी संपली म्हणून बंद पडला. लांबच्या झाडांना १के टेक्सचर लावल्यावर बसलं, आणि चित्रात कोणाला फरक कळला नाही. पण हे जुळवण्यात एक अख्खा रविवार गेला.

आता उन्हाळा. सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात उभा ठेवला होता, पुढे दार. रेंडर चालू असताना कार्ड ८३ अंशांवर आणि पंख्यांचा आवाज बाहेरच्या खोलीत. दुहेरी जाडीचं कार्ड अशा बारीक डब्यात कोंबल्यावर पंख्यांना हवा ओढायला बोटभरच फट राहते, त्यात दार लावलेलं. दार बिजागरीसकट काढलं, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, तर ७५-७६ वर आलं. धूळ दर दोन महिन्यांनी काढतो, कारखान्यातला ब्लोअर आणून. त्या वेळी कार्डाचे पंखे काडीने अडवून धरा, नाहीतर हवेने भन्नाट फिरतात.

सप्लायबद्दल प्रामाणिकपणे: एनव्हिडिया या कार्डाला ३०० वॉटचा सप्लाय सांगते, आमचा २०० चा. मी हिशेब करून धोका पत्करला. प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी सगळं वीस-पंचवीस. भिंतीच्या प्लगवर वॉटमीटर लावून बघितलं. नुसतं चालू असताना चाळीसच्या आत, गेम खेळताना दीडशे ते एकशेपासष्ट. हे भिंतीवरचं माप, सप्लायच्या आत होणारा अपव्यय धरून, म्हणजे प्रत्यक्ष लोड त्याहून कमी. दहा महिन्यांत एकदाही आपोआप बंद पडलेलं नाही. पण १८० वॉटच्या किंवा दहा-बारा वर्षं जुन्या सप्लायवर मी हे केलं नसतं. मधल्या काळात ५०५० आलं, तेही १३० वॉटचं आणि वायर मागणारं, तेव्हा या डब्यापुरतं माझं उत्तर अजून बदललेलं नाही. मोठा टॉवर कॅबिनेट आणि साधा एटीएक्स सप्लाय असेल तर मात्र हे कार्ड घेऊ नका, जुनं ८ जीबीचं ३०५० सुद्धा त्यात बरं पडेल.

एक नुकसान आधी लक्षात आलं नव्हतं. जाड कार्डाखाली छोटा स्लॉट झाकला गेला, आणि त्यातच वायफायचं कार्ड होतं. ते काढावं लागलं. आता मागे यूएसबीचा डोंगल आहे, तो झाडू लागला की सैल होतो, आणि सैल झाला की सबमिशन अपलोड होताना वरच्या खोलीतून हाक येते.