सायपायचं वायबुल फिटिंग: न गेलेल्या बेअरिंगचाही हिशेब

टेस्ट बेंचवर 40 बेअरिंग होती. 5,000 तासांनी चाचणी थांबवली तेव्हा 12 गेली होती, 28 मस्त फिरत होती. या 28 चं करायचं काय? पूर्वी मी ती सोडून द्यायचे. उरलेल्या 12 वर वायबुल, म्हणजे भाग किती तासांनी जातात याचं गणिती वितरण, बसवला की 63.2 टक्के बेअरिंग जाण्याचा काळ, म्हणजे स्केल, साधारण 3,700 तास यायचा. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमध्ये 1.11 आवृत्तीपासून सेन्सर्डडेटा (CensoredData) आलंय, म्हणजे ज्यांचा शेवट अजून दिसलेला नाही अशा नोंदीही देता येतात. त्यात चाळीसही बेअरिंग दिली, 28 पुढे ‘अजून चालू’ अशी खूण केली, आणि तोच आकडा 8,300 च्या आसपास गेला. टिकलेल्या बेअरिंगनीही काहीतरी सांगितलेलं असतं. ते ऐकून घेणारं फुकटातलं साधन मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

ईसीडीएफ (ecdf) हे फंक्शनही त्याच आवृत्तीतलं. त्याच्या कॅप्लान-मायर पायऱ्या, म्हणजे कोणतंही वितरण न मानता थेट नोंदींवरून निघणारा टिकण्याचा आलेख, काढून त्यांवर वायबुलची रेघ टाकते, मगच आकड्यावर विश्वास ठेवते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्या. फिट करताना लोकेशन, म्हणजे बिघाड जिथून सुरू होऊ शकतात तो क्षण, शून्यावर बांधा, म्हणजे एफलॉक (floc) शून्य द्या. नाही दिलं तर ते सुटं राहतं. ऋण आलं तर यंत्र जन्माआधीच झिजायला लागलं असा अर्थ होतो. धन आलं तर त्याहून वाईट, कारण ‘एवढे तास काहीच बिघडणार नाही’ असं आश्वासन कागदावर उमटतं आणि वॉरंटी ठरवणारा माणूस ते खरं मानतो.

वायबुलचा दुसरा आकडा शेप, वयाबरोबर बिघाडाचा धोका कसा बदलतो ते सांगणारा. तो एकच्या खाली असेल तर नवा माल लवकर जातोय, जोडणीत किंवा उत्पादनात शोधा. एकच्या आसपास असेल तर वयाचा संबंध नाही, वेळापत्रकाने भाग बदलून उपयोग शून्य. माझा 2 च्या जवळ आला, म्हणजे झीज.

दुरुस्तीला लागणाऱ्या वेळेसाठी मी लॉगनॉर्मल (ज्यात वेळेचा लॉग नॉर्मल असतो ते वितरण) घेते. तिथे स्केल म्हणजे म्यू (त्या लॉगची सरासरी) नव्हे, ई चा म्यू घात. इथे भलेभले चुकतात.

कमी एकच जाणवते: फिट फक्त अंदाज देतं, त्याची विश्वास-मर्यादा देत नाही. 12 बिघाडांवर काढलेला 8,300 किती डळमळीत आहे, हे बघायला बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने काढून दरवेळी फिट करणं, आपणच लिहावं लागतं. ते लिहिल्याशिवाय मी हा आकडा कुणाच्या हातात देत नाही.