पेन टॉर्च : प्युपिलला पास, काविळीला नापास

नर्सिंगच्या सामानाचे रिव्ह्यू वाचायला घेतले की ‘पाऊच छान आहे’, ‘डिलिव्हरी वेळेत आली’, ‘मैत्रिणीला गिफ्ट दिलं’ यापलीकडे काही हाती लागत नाही. टॉर्च लावून पेशंटमध्ये काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते कोणीतरी लिहायला हवं. मी देवगडच्या बाजूला सरकारी नोकरीत स्टाफ नर्स आहे. कॅज्युअल्टी आणि वॉर्ड, दोन्ही ड्युट्या लागतात. हा टॉर्च मी स्वतःच्या पैशाने घेतला आणि तो अख्खा पावसाळा एप्रनच्या खिशात होता.

वस्तू अशी : अॅल्युमिनियमची बॉडी, दोन ट्रिपल-ए सेल, पिवळसर एलईडी, अंगावर प्युपिलच्या, म्हणजे डोळ्यातल्या बाहुलीच्या, मापाचे काळे ठिपके, किंमत साडेतीनशेच्या आतबाहेर. डोक्यापासून मानेपर्यंतची तपासणी करायची तर हातमोजे, टंग डिप्रेसर (जीभ दाबायची पट्टी), गॉज आणि हा टॉर्च एवढ्यावर बरंचसं काम होतं.

आधी डोळे, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. हापूसच्या हंगामात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात असताना फांदी मोडून पडलेला माणूस आला, की बरोबरचे चारजण एकदम बोलायला लागतात आणि तो स्वतः म्हणत असतो, “माका काय्येक झाला नाय, घराक जाव दे.” मान हलवू द्यायची नाही, झोपवूनच ठेवायचं आणि टॉर्च काढायचा. वरची ट्यूबलाइट बंद केली तर उत्तम. पेशंटला लांब छताकडे बघायला सांगायचं, कारण जवळ बघितलं की बाहुली आपोआप आकसते आणि आपण उगाच खूश होतो. उजेड कानशिलाच्या बाजूने आत आणायचा. ज्या डोळ्यावर टाकला तो आकसला का, दुसरा त्याच्याबरोबर आकसला का, हे दोन्ही बघायचं आणि मग दुसऱ्या डोळ्याला तेच. या टॉर्चचा झोत अरुंद आहे, एकाच डोळ्यावर बसतो. शिवाय उजेड मऊ असल्यामुळे पेशंट डोळे गच्च मिटून घेत नाही. आमच्या नव्या मुली मोबाइलचा फ्लॅश लावतात. तो दोन्ही डोळ्यांवर, नाकावर आणि उशीवरही पडतो, त्यात पेशंट तोंड फिरवतो. मग केसपेपरवर ‘रिअॅक्टिंग’ लिहिलेलं असलं तरी नक्की कुठला डोळा, हा प्रश्न उरतोच.

पेशंटची शुद्ध गुणांत मोजणारं ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. २०१८ साली त्याला प्युपिलची जोड आली. न आकसणारा प्रत्येक प्युपिल म्हणजे एकूण गुणांतून एक वजा. म्हणजे या टॉर्चने जे दिसतं त्याचा थेट आकडा होतो, आणि न्यूरोसर्जनसाठी गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला फोन लावला की पलीकडून आकडाच विचारतात. शुद्ध उतरत चाललीय आणि एक बाहुली मोठी होत चाललीय, हे दिसलं तर बाकी तपासणी राहू दे, आधी डॉक्टरांना हाक मारायची. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून ‘झोपू दे त्याला’ म्हणणारे नातेवाईक असतात, त्यांचं ऐकायचं नाही.

आता छापलेल्या मापांबद्दल. कल्पना उत्तम, छपाई भिकार. स्पिरिटने पुसायला लागले तसे आधी २ आणि ३ मिलिमीटरचे ठिपके गेले, म्हणजे जे सगळ्यात जास्त लागतात तेच. साध्या उजेडात प्युपिल साधारण २ ते ४ मिलिमीटर असतो, तेव्हा ८ चा ठिपका शाबूत राहून मला काय उपयोग? मी आता छोटी पट्टी वापरते. आणि दोन प्युपिलमध्ये थोडा फरक दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. सुमारे पाचातल्या एका निरोगी माणसात तो असतो, बहुधा १ मिलिमीटरच्या आतला. पेशंट शुद्धीत असेल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यात थेंब घालतो का, हे विचारायचं आणि घरच्यांच्या मोबाइलमधला एखादा जुना, जवळून काढलेला फोटो मोठा करून बघायचा. आधार कार्डावरचा फोटो नको, त्यात माणूसच ओळखू येत नाही.

डोकं म्हणजे फक्त डोळे नव्हेत. हातमोजा घालून केसांतून बोटं फिरवायची, मागच्या बाजूला दाट केसांत भरपूर काही लपतं. कानामागे निळसर डाग, डोळ्यांभोवती काळं, कानातून रक्त किंवा नाकातून पाण्यासारखं काही येतंय का, हे सगळं या टॉर्चने नीट दिसतं. कानाच्या आत खोल मात्र बघता येत नाही. तो ओटोस्कोप (कानाच्या आत बघायचं यंत्र) नाही, तशी अपेक्षाही धरू नये.

नापास कुठे, तर रंगाला. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत, असा पेशंट आला की आमच्याकडे पहिल्यांदा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) डोक्यात येतो. मग डोळ्याच्या पांढऱ्यात पिवळेपणा शोधायचा. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, डेसिलिटरला २.५ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की तो दिसायला लागतो, पण या टॉर्चच्या उजेडात माझाही डोळा पिवळा दिसतो! उलट पिवळ्या उजेडात खरी सुरुवातीची कावीळ हातची निसटू शकते. खालची पापणी ओढून फिकेपणा बघायचा असेल तरी तेच. टॉर्च खिशात ठेवायचा आणि पेशंटला खिडकीशी न्यायचं. आषाढात खिडकीतून येतो तेवढा उजेडही याच्यापेक्षा खरा असतो. रात्रपाळीत दिसलं नाही तर ‘कावीळ नाही’ असं लिहू नये, सकाळच्या सिस्टरला परत बघायला सांगावं.

तोंडासाठी निम्मा पास. आधी कवळी काढायला लावायची, नाहीतर तिच्याखाली काय आहे ते कधीच कळत नाही. मिश्री लावणाऱ्या आज्या आमच्याकडे अजून खूप. “दात दुखतत म्हणान लावतंय,” हे ठरलेलं उत्तर. गालाच्या आतून, हिरडीशी पांढरा चट्टा दिसला तर गॉजने पुसून बघायचा. पुसला जात नसेल तर विषय दंतवैद्याकडे. जिभेचं टोक गॉजमध्ये धरून दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा बघायची, लपणारं दुखणं तिथेच असतं. सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावत नसतील तर तेही लिहायचं. या सगळ्याला झोत पुरतो. पण बटण मागे आहे आणि दाबून धरलं तरच दिवा लागतो. एका हातात डिप्रेसर, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर अडकलेला, मग गॉज काय दातांत धरू? सरकवायचं बटण दिलं असतं तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता.

मानेचं काम मात्र झकास. गाठी बोटांनीच कळतात, त्या वेळी टॉर्च खिशात. कानापुढून सुरू करून हनुवटीखाली, मानेच्या बाजूने खाली गळ्याच्या हाडावरच्या खड्ड्यापर्यंत जायचं. डाव्या खड्ड्यातली कडक गाठ कधी कधी पोटातल्या आजाराची असते, ती सोडायची नाही. मग पेशंटला घोटभर पाणी द्यायचं आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, मानेला जवळजवळ समांतर धरायचा. गिळताना वर सरकणारी थायरॉइडची सूज सावलीमुळे उठून दिसते. ४५ अंशांत टेकवून बसवलेल्या पेशंटच्या मानेतली शीरही अशीच तिरप्या उजेडात दिसते. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून ३ सेंटिमीटरच्या वर तिचे ठोके दिसले तर डॉक्टरांना सांगायचं. टॉर्च समोरून मारला तर ही सावली पडतच नाही.

खाऱ्या हवेने क्लिप गंजली, एप्रनवर तांबूस डाग पडला, तो गेला नाही. सेल आत ठेवून रजेवर गेलात तर स्प्रिंगवर हिरवं चढतं. पावसात लाइट गेली तेव्हा मात्र याने कधी दगा दिला नाही.

पाचपैकी साडेतीन. विद्यार्थिनींनी घ्यायला हरकत नाही, फक्त मापाच्या ठिपक्यांवर पहिल्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि सेल देवगडात घ्या, बरोबर येतात ते आठवडाभरही टिकत नाहीत.