रुबिडियम स्पेक्ट्रोस्कोपी किट : ऑप्टिक्स चोख, पण जळगावचा मे महिना हिशेबात नाही

ग्रेटिंगवाला ७८० नॅनोमीटरचा डायोड लेसर, रुबिडियमची वाफ असलेला ७५ मिलिमीटर लांबीचा काचेचा सेल, लेसरचे दोन किरण (जोरदार पंप, मंद प्रोब) करणारा बीमस्प्लिटर, दोन वेव्हप्लेट, फोटोडायोड. अतिशीत अणूंच्या प्रयोगांची पहिली पायरी एम.एस्सी.च्या टेबलावर चढायला एवढं सामान पुरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी किट झकास चालतं. अणूंच्या धावपळीने शोषणाची रेषा सुमारे ५०० मेगाहर्ट्झ रुंद होते; त्या डॉप्लर खड्ड्यात बारीक शिखरं सुटी दिसतात. ती जाड वाटली तर आधी पंपाची तीव्रता उतरवा, आरशांना मग हात लावा.

खरी गोची एप्रिलपासून. रुबिडियम ३९.३ अंशांना वितळतं आणि इथल्या बंद खोलीत तेवढा पारा सहज चढतो. २५ ऐवजी ४५ अंश झाले की सेलमधला बाष्पदाब सात-आठ पट होतो. रेषेच्या मधोमध प्रोब जवळजवळ सगळा शोषला जातो, स्क्रीनवर नुसता सपाट तळ उरतो. पोरं फोटोडायोड बदलत बसतात. तो बिचारा शाबूत असतो. खोली २५ वर आणा, नाहीतर २५ मिलिमीटरचा सेल मागवा. एसीचा झोत मात्र सेलच्या काचेवर नको. धातू सगळ्यात थंड जागी जमतो, मग खिडकीवरच चंदेरी डाग पडतो. काच हलकी कोमट ठेवली की तो हळूहळू सेलच्या शेपटीकडे, म्हणजे बाजूच्या निमुळत्या काचनळीकडे सरकतो.

लेसरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, ही सगळ्यात कच्ची बाजू. कॅव्हिटी (डायोड ते ग्रेटिंगमधली पोकळी) १ अंशाने तापली तर लेसरची फ्रिक्वेन्सी साधारण ९ गिगाहर्ट्झ सरकते. रेषेची नैसर्गिक रुंदी जेमतेम ६ मेगाहर्ट्झ. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला तेवढ्यानेही लेसरला रेषेवर धरून ठेवणारा लॉक सुटतो. लेसरचा खोका थर्मोकोलने झाका, हीटसिंक उघडा ठेवा. तो कोंडला तर पेल्टिअर (डायोड थंड ठेवणारी विजेवरची पट्टी) स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. जुलैत दुखणं उलटं : २० अंशांवर ठेवलेल्या डायोडवर दव धरतं. तेव्हा २७-२८ वर ठेवून करंट नव्याने जुळवा.

किटच्या पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण अवकाशावर आहे, आणि ते छान जमलंय. अणूंच्या लहरी एकमेकींवर आणून मोजमाप करणाऱ्या इंटरफेरोमीटरची फेज लेसरच्या पल्समधल्या वेळेच्या वर्गाने वाढते, पण जमिनीवर सोडलेला अणू सेकंदात ४.९ मीटर खाली जातो. म्हणून जास्त वेळ भारहीनता मिळवायला जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मनोऱ्यातलं ११० मीटरचं पतन, अतिशीत अणूंच्या प्रयोगाचं २०१७ चं मायस-१ रॉकेट, २०१८ पासून अंतराळ स्थानकावरची कोल्ड ॲटम लॅब. रुबिडियमची हीच ७८० ची रेषा तिथेही कामाला. एवढं सगळं लिहिलंय, फक्त किट किती अंशांपर्यंत चालेल ते कुठेच नाही. ऑर्डरआधी ते लेखी मागून घ्या.